धुऱ्यावरची दुर्गाबाई

दुर्गाबाईच्या हातात छत्री आली तेव्हा अख्ख्या गावाला वाटलं, बाईचं नशीब फळफळलं. छत्री नवी, काळी, बटण दाबलं की फटकन उघडणारी. वर महिला संघानं दिलेली निळी टोपी, तिच्यावर, गाव मध्य प्रदेशातलं म्हणून, हिंदीत छापलेलं, 'लीडर दीदी'. डोक्यावर पदर, पदरावर टोपी आणि टोपीवर छत्री, अशा थाटात बाई चैतराम पटेलाच्या धुऱ्यावर उभी राहिली. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली, पाणी साठवलेल्या धानाच्या वाफ्यांमधली, मातीची अरुंद पाळ. खाली बांधीतल्या चिखलात तिचीच गँग वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत होती. किरनापूरकडे जाणारे मोटरसायकलवाले मान वळवून बघत, आणि कोणी ओळखीचा निघाला तर ओरडून जाई, "काय मावशी, सायबीण झाल्या न!"

दुर्गाबाई हसायची. हसावंच लागतं, नाही तर माणसं थांबून विचारत बसतात काय झालं म्हणून. पण आतून तिचा जीव तीळतीळ तुटत होता. ती छत्री कुणी नुसती मागितली असती तरी तिनं टोपीसकट देऊन टाकली असती.

कारण दुर्गाबाई ही धुऱ्यावरची बाई नव्हतीच मुळी. लग्न होऊन या गावात आली त्या पावसाळ्यापासून ती चिखलात होती, आणि सासू थकल्यापासून काठावर होती. आता काठ म्हणजे काय, ते सांगायला हवं. रोवण्याला बायका बांधीत एका ओळीत उभ्या राहतात. डाव्या हातात धानाच्या रोपांची मूठ धरायची, उजव्या हातानं त्यातल्या थोड्या काड्या काढून चिखलात खुपसायच्या आणि एकेक पाऊल मागं सरकायचं. तोंड लावलेल्या धानाकडे, पाठ रिकाम्या चिखलाकडे. या ओळीच्या टोकाला, धुऱ्याला लागून जी बाई असते ती काठावरची. तिच्या हाताला जो वेग तोच सगळ्या ओळीला. ती रमली तर ओळ रमते, ती रुसली तर दुपारपर्यंत अर्धी बांधीसुद्धा होत नाही. तिला कोणी नेमत नाही. ओळच तिच्या मागं जायला लागते.

आणि दुर्गाबाई काठावर असली की रोवण्याला रंग चढायचा. जुनी गाणी तिला येतच होती, पण तिला जागच्या जागी जुळवायची भारी खोड. चहा यायला उशीर झाला की वाकल्या वाकल्याच ती सूर लावायची,

"चैतराम पटेलाचा धुरा व लांब,
च्या देतो म्हणते, जराशीक थांब!"

ओळ ते झेलायची, बांधीभर हशा पिकायचा, आणि तिकडून चैतराम पटेल केटली सांभाळत धावत सुटायचा. मजुरी तर सगळ्यांनाच हवी असते, दुर्गाबाईलाही हवी होती, त्यात खोटं कशाला बोला. पण तिला कामाचंच वेड होतं. घोट्याच्या वर चढणारा गार चिखल, बोटांच्या टोकाशी रोप उभं राहिल्याचा तो इवलासा धक्का, आणि संध्याकाळी धुऱ्यावर चढून मागं बघितलं की जिथं सकाळी नुसतं पाणी होतं तिथं हिरवं. दिवसभर मान खाली, पण कोण दमलंय, कुणाचं घरी वाजलंय, कुणाच्या पाठीत चमक भरलीय, तिला बरोबर कळायचं. चिखलात शिरताना प्रत्येकीच्या हाताचा आवाज वेगळा येतो, ती तो ऐकायची.

त्यातला एक आवाज तिच्या अगदी शेजारचा होता. शांताबाईचा. दोघी एकाच मोसमात नवऱ्या होऊन आलेल्या, एकाच विहिरीवर पाणी भरून म्हाताऱ्या व्हायला लागलेल्या. शांताचा हात पहिल्यापासून संथ. लेकराला झोपवावं तसं ती एकेक रोप लावायची. म्हणून दुर्गाबाईनं तिला कायम आपल्या शेजारी धरलं, आणि बोलता बोलता, गाता गाता शांताच्या वाट्याच्या जागेत आपला हात घालून ती रोपं लावून टाकायची. शांताला ते माहीत होतं. इतक्या वर्षांत दोघींपैकी एकीनंही ते तोंडातून काढलं नाही.

मग दुर्गाबाईचा गुडघा सुजला. नवऱ्यानं, सुखरामनं, तिला मोटरसायकलवर मागं बसवून राजेगाववरून गोंदियाला नेलं. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, चिखल बंद. दुर्गाबाईनं विचारलं, "किती दिस?" तो म्हणाला, "बाई, दिवस नाही. बंद म्हणजे बंद." परत येताना तिनं सुखरामच्या पाठीला कपाळ टेकवून ठेवलं. दोन्हीकडे चिखलणी झालेल्या बांध्या चकाकत होत्या आणि ती त्यांच्याकडे बघायचं टाळत होती.

त्याच सुमाराला संघाचं बालाघाटला शिबिर झालं. संघाचं म्हणणं असं की गावोगावच्या बायकांनी रोवण्याचा ठेका स्वतःच घ्यावा, मधला ठेकेदार नको, आणि प्रत्येक गँगला एक लीडर असावी. शिकवायला दीप्ती मॅडम होत्या. पोरगी गोड, मनापासून बोलणारी. खुर्च्या गोल लावून तिनं एकेकीला विचारलं, "दीदी, बताइए, कौन सा काम करते हुए आप सब भूल जाती हैं? लीडर में वो आग होनी चाहिए." कुणी शिवण म्हटलं, कुणी भजन. दुर्गाबाईची पाळी आली तेव्हा तिच्या ओठांवर रोवणा आला होता, पण तिनं तो मागं सारला. जे आता आपल्याला करायचंच नाही त्याचं नाव कशाला घ्या. ती म्हणाली, "मेरे घुटने में दर्द है, मॅडम." सगळ्या हसल्या. दीप्ती मॅडम हसली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली की मग तर फारच बरं, आता तुम्ही वर उभं राहून सगळ्यांना बघा, गँग तुमचीच राहील. दुर्गाबाईनं त्या शेवटच्या वाक्याला घट्ट धरलं. गँग तुमचीच राहील. चिखल गेला तर गेला, पण बाया तरी राहतील.

तर अशी ती धुऱ्यावर आली.

काठावर आता पिंकी होती. नव्यानं लग्न होऊन आलेली, लांजीकडची, मराठीपेक्षा हिंदीत पटापट बोलणारी. हात वाऱ्यासारखा, पण कामात मुकी. गाणं नाही, टोमणा नाही, मान खाली घालून सपासप मागं जाणार. दुर्गाबाईला तिचा राग यायचा आणि रागाचं कारण शोधायला जावं तर सापडायचं नाही. पोरीचं काम चांगलं होतं, हेच मुळात खुपायचं.

वरून तिला ओळ पहिल्यांदाच दिसली. आयुष्य ओळीत गेलं, पण ती दिसते कशी हे कधी बघितलंच नव्हतं. नुसत्या वाकलेल्या पाठी. चिखलातल्या हातांचा आवाज वरपर्यंत पोचायचा नाही, मग करणार काय? ती ओरडायला लागली. "अंजू, दाट लावून राह्यली तू!" "ओ पिंकी, दमानं घे न जरा!" "काय व, गोष्टी काहून करून राह्यल्या, हात चालवा!" आपल्याच तोंडून हे निघतंय याचं तिला आश्चर्य वाटे. आजवर कामावर ती कुणावर खेकसली नव्हती, तशी गरजच पडली नव्हती. बायका ऐकायच्या, पण मान वर करून एकमेकींकडे बघायच्याही. धुऱ्यावर तिचे हात शिवशिवायचे. उभ्या उभ्या गवताच्या काड्या उपटून ती ओल्या मातीत खोचायची, आणि कुणी पाहिलं की पायानं मोडून टाकायची.

मग दीप्ती मॅडम फोटो काढायला आली. भोपाळला पाठवायचा होता. फोटोत ओळ वाकडी आली. काठाजवळच पोट आलेलं, कारण तिथं शांता होती आणि तिची जागा भरून काढणारा हात आता धुऱ्यावर छत्री धरून उभा होता. मॅडमनं तो दाखवला आणि दुर्गाबाईला ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओळ बदलली. "शांते, तू मधात जाय. अंजूच्या बाजूले." शांतानं एकदा वर बघितलं. "मधात?" "हौ. ओळ सरळ दिसंल." शांता गेली. अंजू आणि तिच्या पलीकडची, दोघी तरण्याताठ्या. त्यांना कुठं ठाऊक की शेजारणीची जागाही भरायची असते.

आता इथं कोंडण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ओळीत एखादी मागं पडली आणि दोन्ही बाजूच्या पुढं निघून गेल्या की त्या तिच्या पाठीमागची जागाही लावून घेतात. मग ती बाई चहूकडून रोपांत अडकते. मधोमध टीचभर पाणी, त्यात ती उभी. रोपं तुडवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि ताजी रोपं तर तुडवायची नाहीत. याला कोंडली म्हणतात. कोंडलीला सोडवायची रीत एकच, तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं, चांगल्या उखाण्यात. मग दोघी रोपं उपटून तिला वाट करून देतात. पहिली हाक काठावरच्या बाईनं द्यायची, "नाव घ्या!" मग सगळ्या ओळीनं. थट्टेचा खेळ. लाजून लाल झालेल्या किती नव्या सुना दुर्गाबाईनं अशा सोडवल्या होत्या, आणि मुद्दाम कोंडून घेणाऱ्याही काही कमी नव्हत्या.

त्या दिवशी झड लागली होती. चहा झाल्यावर सगळ्यांनी खताच्या पिशव्यांचं एकसारखं पांढरं प्लास्टिक डोक्यावरून घेतलं आणि पुन्हा वाकल्या. दुर्गाबाई छत्रीखाली उभी. पाऊस, पाठी, पाऊस. तिचं मन कुठल्या कुठं गेलेलं. आणि एकाएकी तिला दिसलं, ओळीच्या मधोमध एक बाई मागं राहिली आहे, आणि तिच्या पाठीमागं रोपांचं कुंपण बंद झालंय.

तिच्या अंगातून वीज गेली. किती दिवसांनी! कुणाची पाळी, कुणाचा मान, काही आठवलं नाही. सकाळी आपणच ओळ बदलली हेही साफ डोक्यातून गेलं. ती जीव तोडून ओरडली, "कोंडली व कोंडली! नाव घ्या!"

आणि ओळीनं झेललं. "नाव घ्या! नाव घ्या!" सगळ्या एका दमात, टाळ्या देत, चिखल उडवत. दुर्गाबाईचा ऊर भरून आला. बाया तिच्या होत्या, अजून होत्या. तिनं पुन्हा हाक दिली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

मधली बाई सरळ उभी राहिली. प्लास्टिक मागं सारलं. शांता होती. शांताचा नवरा, दुलीचंद, मागच्या होळीच्या आधी तापानं गेला होता.

हाका एकेक करून बंद पडल्या. शेवटी कुणा लांबच्या पोरीची उरली होती, तिलाही शेजारणीनं कोपरानं ढोसलं. पावसाचा तेवढा आवाज येत होता. शांता धुऱ्याकडे बघत होती. रागानं नाही, नुसती बघत होती. मग ती म्हणाली, "दुलीचंद." उखाणा नाही, काही नाही. आणि रोपं तुडवत ती चालत बांधीबाहेर गेली, धुऱ्यावर चढली, दुर्गाबाईच्या बाजूनं गेली आणि घराच्या वाटेला लागली.

दुर्गाबाई खिळल्यासारखी उभी राहिली. तिला हाक मारायची होती, पण आज हाकेनंच घात केला होता. खाली पिंकी काठ सोडून मधे गेली. तिनं शांताच्या पावलांखाली गेलेलं एकेक रोप वर काढलं, धुतलं आणि परत लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. मग ती काठावर परतली आणि म्हणाली, "चला." इतकंच. ओळ तिच्या मागं सरकायला लागली. धुऱ्याकडे कुणी पाहिलं नाही.

दिवे लागायच्या वेळी दुर्गाबाई शांताच्या दारात गेली. शांता ओसरीवर बांबूचे कोंब चिरत बसली होती. तिनं पाट सरकवला.

"शांते, मले दिसली नाही व तू. सगळ्यायच्या अंगावर तेच प्लास्टिक."

"हौ. तेच म्हणून राह्यली मी. पाठीवरून ओळखाची पाळी कधी आली व आपल्यावर? तू त मले हातावरून ओळखत होती."

"चुकली मी."

शांतानं आणखी एक कोंब चिरायला घेतला. मग म्हणाली, "नाव घ्याचं मले काही नाही वाटलं. खरं सांगू? मोकळं वाटलं. घरी त कोनी त्यायचं नावच काढत नाही, मी रडीन म्हणून. पन ते तू मांगितलं. वरून. त मले वाटलं, माह्या बाजूले आता कोनीच नाही."

दुर्गाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिनं पुसलंही नाही. "मले काय झालं मालूम हाय काय तुले? बाया बोलल्या न माह्यासंगं, तवा इतलं बरं वाटलं का मी कोन कोंडली ते पाह्यलंच नाही. मी मरून राह्यली व त्या धुऱ्यावर. तुमी सगळ्या तिथं खाली, हात हात अंतरावर, अन् मले कोनी दिसत नाही."

"मंग उतर न."

"गुडघा..."

"गुडघा हायच. माहा हात तरी कुठं चांगला हाय? इतले साल तू चालवला का नाही?" शांतानं कोंबांची टोपली बाजूला केली. "पन एक आईक. मी त्या पोरीयच्या मधात आता उभी राहत नाही. तू खाली असशील त येईन. नाही त माहा रोवणा झाला समज. तुह्यावर राग नाही माहा. पन अशी नाही येत मी."

म्हणजे गोष्ट इथं येऊन ठेपली. धुऱ्यावर राहिली तर शांता गेली, जन्माची शेजारीण, आणि तिच्यामागून उरलेल्याही हळूहळू जाणार हे दुर्गाबाईला कळत होतं. उतरली तर गुडघा. घरी आल्यावर तिनं दीप्ती मॅडमला फोन लावला. हिंदीत बोलायचं म्हणजे तिला दरदरून घाम येई, पण त्या दिवशी आला नाही.

"मॅडम, मैं नीचे उतर रही हूँ. ऊपर से मेरे को कुछ दिखता नहीं."

पलीकडून मॅडम म्हणाली, "और लीडर? गँग कौन देखेगा, दीदी?"

"वो काठ पे है. पिंकी."

हे नाव तोंडातून निघालं तेव्हा दुर्गाबाई स्वतःच दचकली. तोवर तिनं ते ठरवलेलं नव्हतं. मॅडम म्हणाली, ठीक आहे, ती संघात बोलून बघते, आणि घुटने का ध्यान रखना. दुर्गाबाईनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

सकाळी ती गुडघ्याला पट्टा बांधायला लागली तसा सुखराम दारात आडवा उभा राहिला. "डाक्टरनं काय सांगतलं होतं?"

"डाक्टरनं गुडघ्याचं सांगतलं. बाकीचं माह्याजोळ हाय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत राहीन, मंग येऊन जाईन."

सुखराम बाजूला झाला. त्यानं तिची गेल्या काही दिवसांतली जेवणं बघितली होती, ताटाशी बसून भाताची ओळ लावणारी बोटंही बघितली होती. तो म्हणाला, "मी सोडून देतो गाडीवर," आणि चावी शोधायला लागला.

वाटेत शांताचं घर लागलं. दुर्गाबाई गाडीवरून उतरून अंगणात नुसती उभी राहिली. लुगडं खोचलेलं, हात रिकामे. शांतानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेली आणि प्लास्टिक घेऊन बाहेर आली.

चैतराम पटेलाच्या बांधीत ओळ लागली होती. दुर्गाबाई धुऱ्यावर बसली, पाय खाली सोडले आणि चिखलात उतरली. गार. बोटांच्या फटींतून वर येणारा, घोट्याला वेढा घालणारा. तिला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला. बायका सरळ झाल्या. अंजूनं पदरानं तोंड झाकलं. काठावर पिंकी होती. पिंकीनं तिच्याकडे पाहिलं, हातातली मूठ चिखलात टेकवली आणि दोन पावलं बाजूला सरकली. काठ मोकळा झाला.

"या मावशी," ती म्हणाली. "तुमचीच जागा आहे. मी तर बस सांभाळून राह्यलती."

ती मोकळी जागा धुऱ्याला लागून होती, दोन पावलांवर. किती दिवस तिनं त्याच जागेचा ध्यास घेतला होता. कुणी नको म्हणत नव्हतं. ओळ वाट बघत होती, आणि पोरीनं ती जागा अगदी मनापासून सोडली होती, तिच्या तोंडावर आकस नव्हता. दुर्गाबाईनं पाऊल उचललं. चिखलानं पाय धरून ठेवला, तिनं ओढला, आणि गुडघ्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती थांबली. या पायानं ती काठावर राहिली तर सगळी ओळ तिच्या गुडघ्याच्या चालीनं चालणार. बाया चालतील, कुरकुर न करता चालतील, तिच्यावर जीव आहे म्हणून. पटेल गप्प बसेल. आणि पिंकी उद्या दुसऱ्या गँगला जाईल.

"नाही," ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाली, "नाही व बाई. तू राह्य. काठ तुहा हाय."

"मावशी..."

"राह्य म्हणतो न. अन् आईक. शांतेले तुह्या बाजूले घे. तिचा हात संथ हाय, त तिच्या जागेत मधून मधून आपला हात घालाचा. सांगाचं नाही. पाहाचंही नाही, आवाज आईकाचा. तिच्या पलीकडं मी, माह्या पलीकडं अंजू. अंजे, मलेही सांभाळा लागंल तुले, समजली?"

अंजूनं मान डोलावली. शांतानं वळून दुर्गाबाईकडे बघितलं. इतक्या वर्षांची ती गोष्ट आज सगळ्या बांधीसमोर बोलली गेली होती. शांता पिंकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

पिंकी काठावर गेली. "चला," म्हणाली, आणि ओळ वाकली.

दुर्गाबाईनं पहिलं रोप लावलं. बोटं विसरली नव्हती. दुसरं, तिसरं. पण पाय मागं घेताना वेळ लागायचा, आणि थोड्याच वेळात तिला जाणवलं की अंजूचा हात आपल्या जागेत येतोय, गुपचूप, हलका. आयुष्यभर हे तिनं दुसऱ्यासाठी केलं होतं. आपल्यासाठी कुणी केलं की कसं वाटतं, ते तिला ठाऊक नव्हतं. बरं वाटत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही वाटत होतं.

"दुर्गा मावशी," काठावरून पिंकीचा आवाज आला, जरा घाबरत, पण आला, "ओळ वाकडी होऊन राह्यली. हात चालवा."

ओळीतल्या दोन-चार माना वर झाल्या.

"हौ," दुर्गाबाई म्हणाली, आणि हात चालवायला लागली. चिखलात तिच्या नाकाच्या शेंड्यावरून टपटप पाणी पडत होतं, आणि आज पाऊस तर नव्हता.

शेजारून शांतानं मान न वळवता विचारलं, "रडून राह्यली काय व?"

"हौ."

"गुडघा?"

"नाही. काठ आठवते मले."

शांतानं एक रोप लावलं, सावकाश, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं. मग म्हणाली, "हौ न. आठवंलच. रड मंग. पन हात चालव, नाही त दोघीही कोंडू."